ओठाला ओठच म्हणावे

ऑर्किडच्या फुलात बाहेर तीन निदले आणि आत तीन पाकळ्या असतात. आतल्या तिघींपैकी दोघी एकसारख्या दिसतात. तिसरीचा आकार, रंग, ठेवण सगळेच निराळे. कुठे ती पसरट ओट्यासारखी पुढे येते, कुठे पिशवी होते, कुठे नळी, कुठे माशीच्या अंगासारखी लवदार गाठ. वनस्पतिशास्त्रात तिला लॅबेलम म्हणतात. मराठीत तिच्यासाठी ओष्ठक, ओष्ठ, अधर, जीभ, लिप, लेबेलम, लॅबेलम आणि ‘खालची मोठी पाकळी’ असे काहीही लिहिले जाते. एकाच पानावर यांपैकी तीन भेटतात, आणि तिन्ही एकाच अवयवाची नावे आहेत हे वाचणाऱ्याने स्वतः ओळखायचे असते. पाठ्यपुस्तके, परिभाषाकोश, उद्यानांतल्या पाट्या आणि ऑर्किड लावणाऱ्यांसाठीच्या पुस्तिका या सगळ्यांनी एकच शब्द घ्यावा आणि तो ‘ओठ’ असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका पाकळीच्या नावावर एवढा खल कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण ऑर्किडच्या जगात सुमारे २८,००० जाती आहेत आणि त्या ओळखताना नजर सगळ्यात आधी याच अवयवाकडे जाते. ओठ अखंड आहे की त्रिखंडी, बाजूचे खंड उभे आहेत की पसरलेले, मधल्या खंडाच्या टोकाला खाच आहे का, पृष्ठावर कंगोरे किती, बुडाशी नळी आहे का, असली तर सरळ की वळलेली? निदले आणि उरलेल्या दोन पाकळ्या पुष्कळदा एका ओळीत वर्णून होतात. ओठाला मात्र चार-पाच ओळी लागतात. म्हणूनच फुलाचा नमुना ठेवताना फूल नुसते दाबून वाळवणे पुरत नाही. दाबलेला ओठ सपाट होतो, त्यावरचे उंचवटे चिरडले जातात, बाजूचे खंड आत दुमडले होते की बाहेर हे नंतर कळायला मार्ग राहत नाही. जाणकार एखादे फूल ७० टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवतात. वाळलेलेच हाती असेल तर ते गरम पाण्यात मऊ करून, ओठ सोडवून, सपाट पसरून मोजतात. लांबी बुडापासून टोकापर्यंत आणि नळी वगळून. रुंदी बाजूचे खंड उलगडून. इतके काम ज्या अवयवावर चालते त्याला मराठीत एक ठाम नाव नसणे ही मोठी उणीव आहे.

यातला सगळ्यात घातक पर्याय म्हणजे ‘खालची पाकळी’. तो सोपा वाटतो आणि म्हणूनच पसरतो. पण ओठ मुळात वरचा आहे. कळी लहान असते तेव्हा ओठ वरच्या, दांड्याकडच्या बाजूला असतो. कळी वाढताना फुलाचा देठ आणि अंडाशय मिळून स्वतःभोवती १८० अंश पीळ घेतात, त्यामुळे फूल उलटे होते आणि ओठ खाली येतो. उमललेल्या फुलामागचा देठासारखा भाग भिंगाखाली धरला तर बहुतेक जातींत हा पीळ शिरांच्या तिरप्या रेषांत दिसतो. पीळ गुरुत्वाकर्षणाच्या रोखाने पडतो. म्हणून कळ्या वाढत असताना कुंडी आडवी केली किंवा दांड्याची दिशा बदलून बांधली तर काही फुले वेडीवाकडी वळलेली उमलतात. असे झाले की लोक खताला दोष देतात, कीड शोधतात. कारण साधे असते: पीळ अर्ध्यावर असताना ‘खाली’ कुठे हेच बदलले.

काही जाती हा पीळ घेतच नाहीत. कॅलोपोगॉनचा ओठ वरच राहतो. त्यावर पिवळसर केसांचा झुपका असतो, तो पुंकेसरांचा घोस समजून मधमाशी त्यावर उतरते. ओठ बुडाशी बिजागरीसारखा हलतो, तिच्या वजनाने खाली पडतो आणि माशी पाठीवर, थेट फुलाच्या मधल्या खांबावर, म्हणजे स्तंभावर आपटते. ओठ खाली असता तर ही युक्ती चाललीच नसती. प्रॉस्थेकिया कॉक्लिएटा या पुष्कळ ठिकाणी लावल्या जाणाऱ्या जातीत गडद शिंपल्यासारखा ओठ वर आणि बाकीची पाच दले फितींसारखी खाली लोंबतात. सॅटिरियमचा ओठ टोपडे घातल्यासारखा वर असतो आणि त्याला मागे दोन नळ्या असतात. हॅमार्बिया पॅलुडोसा तर आणखी पुढची. तिचे फूल पूर्ण ३६० अंश पीळ घेते आणि ओठ फिरून पुन्हा वर येतो. ‘खालच्या पाकळीला नळी आहे का’ असा प्रश्न घेऊन सॅटिरियमपुढे बसलेला विद्यार्थी चुकीच्या दलाकडे पाहील, ‘नाही’ लिहील आणि त्यापुढची सगळी ओळख फसेल. दोष त्याच्या डोळ्यांचा नाही, शब्दाचा आहे.

‘अधर’ हा शब्द याच कारणाने बाद होतो. कानाला गोड आहे, काव्यात रुळलेला आहे, पण त्याचा मूळ अर्थच ‘खालचा’ असा आहे. कॅलोपोगॉनच्या वरच्या ओठाला अधर म्हणणे म्हणजे माळ्याला तळघर म्हणणे.

‘मोठी पाकळी’ हीसुद्धा खूण नव्हे. ऑन्सिडियममध्ये ओठ घेरदार पिवळ्या झग्यासारखा सगळ्यांत मोठा असतो हे खरे, पण मॅसडेव्हॅलियात दिमाख सगळा जोडलेल्या निदलांचा आणि ओठ मध्ये दडलेला, इवलासा. बल्बोफिलमच्या कित्येक जातींत तो इतका लहान आणि इतक्या नाजूक सांध्यावर टेकलेला असतो की वाऱ्याच्या झुळकीने डुलतो.

मग ओठ शोधायचा कसा? फुलाच्या मधोमध जाडसर खांब दिसतो. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन तो झालेला असतो. हाच स्तंभ. त्याच्या शेंड्याला टोपीसारख्या झाकणाखाली परागपुंज असतात आणि त्यांच्या खालच्या अंगाला ओलसर, चिकट खळगा असतो, ती कुक्षी. हा खळगा ज्या दलाकडे तोंड करून असतो ते दल ओठ. वर-खाली, लहान-मोठे काही पाहायचे नाही, स्तंभाच्या तोंडासमोर कोण आहे एवढेच पाहायचे. नंतर बाहेरची तीन निदले मोजून ताळा करायचा. पॅफिओपेडिलममध्ये हा ताळा चुकल्यासारखा वाटतो, कारण दलेच पाच दिसतात. तिथे बाजूची दोन निदले जुळून पिशवीमागे एक झालेली असतात. पिशवी हाच ओठ.

आता उरलेले शब्द. ‘लिप’ बोलताना सर्रास वापरतात आणि त्यात पाप काही नाही. पण लिहायला बसले की तो अडतो. ती लिप की तो लिप, लिपवर की लिपेवर, लिपचे खंड की लिपेचे खंड, हे दोन माणसे दोन तऱ्हांनी लिहितात. शिवाय लिप म्हणजे ओठच. ऐकणारा मनात भाषांतर करून ओठापाशीच पोचणार असेल तर हा वळसा कशासाठी? लॅबेलम आणि लेबेलम यांचीही तीच गत, वर लेखनाचा घोळ निराळा.

‘जीभ’ हा शब्द मात्र खरोखर मोहात पाडतो. पुष्कळ ऑर्किडांचा ओठ पाहिला की आधी बाहेर काढलेली जीभच आठवते. ग्रीकांच्या भाषेतून नावे घेणाऱ्यांनाही तसेच वाटले. ट्रायकोग्लॉटिस म्हणजे केसाळ जीभ, स्टेनोग्लॉटिस म्हणजे अरुंद जीभ, हिमँटोग्लॉसम म्हणजे वादीसारखी जीभ. मराठी माणसाला ओठ म्हटले की दोन आठवतात. एकटा लोंबणारा अवयव म्हणजे जीभ, हे म्हणणे चुकीचे नाही. अडचण अशी की वनस्पतिशास्त्राच्या मराठीत ही जागा आधीच भरलेली आहे. गवताच्या पानात पाते आणि खोडाला वेढणारे आवरक यांच्या सांध्यावर जो पातळ पापुद्रा असतो त्याला जिव्हिका म्हणतात. सूर्यफुलाच्या कडेच्या फितीसारख्या फुलांनाही जिव्हिकाकृती म्हणतात. तिथे तिसरी जीभ आणून बसवणे बरे नव्हे.

राहिला ‘ओष्ठक’. याच्याशी नीट वाद घातला पाहिजे, कारण त्याच्यामागे विचार आहे. लॅबेलम हा लॅटिन शब्द ‘ओठ’ या अर्थाच्या लेब्रम शब्दाचे लघुरूप आहे, म्हणजे ओठुला. ओष्ठाला क लावून ओष्ठक करणे हे त्याचे काटेकोर भाषांतर झाले. दुसरे असे की संस्कृतातून घेतलेला शब्द इतर भारतीय भाषांतही चालू शकतो, एका भाषेत शिकून दुसरीत गेलेल्याला तो ओळखीचा वाटतो. या दोन्ही गोष्टी मान्य आहेत. तरीही ओष्ठक नको, आणि त्याचे मुख्य कारण लॅटिनमध्येच आहे.

ज्यांनी हे शब्द ऑर्किडच्या वर्णनात आणले त्यांनी भारदस्त शब्द शोधले नव्हते. त्यांनी चेहऱ्याचे आणि अंगाचे साधे शब्द फुलावर ठेवले. लॅबेलम म्हणजे ओठुला. डेंड्रोबियममध्ये स्तंभाचा पाय, म्हणजे त्याच्या बुडाचा पुढे वाढलेला भाग, आणि बाजूची निदले मिळून जो पुढे आलेला कोपरा होतो तो मेंटम, म्हणजे हनुवटी. कुक्षी आणि पराग यांच्यामधला पडदा रोस्टेलम, म्हणजे चोचुली. ओठावरचा टणक उंचवटा कॅलस, म्हणजे हाताला पडतो तो घट्टा. ऑन्सिडियम हे सबंध प्रजातीचे नावच या घट्ट्यावरून आले, ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थ सूज, फुगवटा. लॅटिन घरात बोलणाऱ्याला हे शब्द ऐकताक्षणी दिसले असते. आपण त्यांची मराठी करताना ती दिसण्याची शक्तीच काढून घेतो आणि वर त्याला शास्त्रीय म्हणतो. ओठ, हनुवटी, चोच, घट्टा हे शब्द पोरकट नाहीत. लॅटिन शब्दाने जे केले तेच ते मराठीत करतात. ओष्ठक शब्द अर्थाने जुळतो, कामाने नाही. शिवाय लघुत्व दाखवणारा तो ‘क’ फुलात बहुधा खोटा ठरतो, कारण पुष्कळदा हा ओठुला सगळ्या दलांत थोरला असतो. आणि कीटकशास्त्रात माशीच्या सोंडेच्या टोकावरच्या मऊ गादीलाही लॅबेलमच म्हणतात. ऑर्किडवर बसलेल्या माशीचे वर्णन करताना ओष्ठकावर ओष्ठक टेकला, असे लिहावे लागेल. तो शब्द माशीला द्यावा, फुलाला ओठ द्यावा.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. तुळशीच्या कुळातल्या फुलांनाही ओठ असतात, वरचा आणि खालचा. तिथे ओठ म्हणजे एक पाकळी नव्हे. जुळलेल्या पाकळ्यांचे दोन गट झालेले असतात, तुळशीत वरच्या ओठात चार आणि खालच्यात एक. मग एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींना कसा चालेल? चालतो, कारण तिथे तो कधी एकटा येत नाही. तुळशीचा ओठ ‘वरचा’ किंवा ‘खालचा’ असल्याशिवाय वाक्यात बसत नाही, आणि ऑर्किडचा ओठ एकच असतो. दोन्ही फुले एकाच परिच्छेदात आली तर ‘ऑर्किडचा ओठ’ म्हणावे, तेवढे पुरे.

काहींनी तोडगा म्हणून ‘ओठपाकळी’ असा जोडशब्द सुचवला तर? ऑर्किडपुरता तो गोड आहे आणि चूकही नाही. पण सोनटक्क्याकडे पाहा. त्याच्या फुलातला पांढराशुभ्र, दोन खंडांचा, सगळ्यांत रुंद भाग हाही लॅबेलमच, पण तो पाकळी नाही. दोन वांझ पुंकेसर जुळून तो झालेला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखी दिसणारी दलेसुद्धा वांझ पुंकेसरच. खऱ्या पाकळ्या म्हणजे मागे लोंबणाऱ्या तीन अरुंद फिती, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आले, हळद यांच्या फुलांत असाच प्रकार. पेव्याचा झालरीदार ओठ तर पाच वांझ पुंकेसरांचा. इथे ओठपाकळी म्हटले की शब्दच चुकीचे शिकवू लागतो. नुसता ओठ दिसण्याबद्दल बोलतो, घडणीबद्दल काही दावा करत नाही, म्हणून तो दोन्हीकडे खरा राहतो.

आणि ऑर्किडच्या बाबतीतही घडणीचा दावा शब्दात कोंबणे किती जोखमीचे असते, हे इतिहासाने दाखवलेले आहे. चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये ऑर्किडच्या परागणावरच्या ग्रंथात, फुलातल्या वाहिन्यांचा माग काढत असे मांडले की ओठ ही एक पाकळी नाही. एक पाकळी आणि बाहेरच्या मंडलातले दोन पाकळीसारखे झालेले पुंकेसर मिळून तो झाला आहे. ओठाचे तीन खंड पाहिले की ही कल्पना का सुचली ते लगेच कळते. पुढे हे मत मागे पडले. ओठ पाकळीच्या जागी उगवतो, आणि २०१५ मध्ये ऑन्सिडियम व फॅलेनॉप्सिसवरच्या कामात दाखवले गेले की ओठ घडवणाऱ्या प्रथिनसंकुलाचे काम दाबले तर त्या जागी निदल-पाकळीसारखे साधे दल येते. म्हणजे आज पाकळी म्हणणे योग्यच. पण १८६२ मध्ये कोणी मराठी नाव ठरवताना ‘पाकळकेसर’ असे काही घडवले असते तर आपण आज ते खोडत बसलो असतो. ओठ तेव्हाही खरा होता, आजही आहे.

शब्द चांगला की वाईट हे त्याला पोरे किती होतात यावरही ठरते. ओठाला ती सहज होतात. एपिपॅक्टिसचा ओठ दोन भागांचा असतो: मागे मध साठवणारी वाटी, पुढे सांध्याने जोडलेला त्रिकोणी भाग. स्टॅनहोपियात तीन भाग, मधल्याला दोन शिंगे. यांना हायपोकाइल, मेसोकाइल, एपिकाइल म्हणतात. यातला ‘काइल’ म्हणजे ग्रीक ओठच. ओठाचे बूड, ओठाची कंबर, ओठाचे टोक असे म्हटले की कोणालाही बोट ठेवून दाखवता येते. ओठाचे खंड, ओठावरचे कंगोरे, ओठाचा घट्टा, ओठाची झालर, ओठाची नळी. मादागास्करच्या अँग्रीकम सेस्क्विपेडेलच्या ओठाला सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची नळी असते आणि मध फक्त तळाशी. इतक्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे, असे भाकीत याच नळीवरून झाले आणि तो पतंग १९०३ मध्ये शास्त्रात नोंदला गेला. हे वाक्य ‘ओष्ठकाच्या शुंडिकेतील मकरंद’ असेही लिहिता येते. सातवीतले मूल कोणते वाचेल ते सांगायला नको.

हाताने परागण करताना तर शब्दाचा घोटाळा थेट फुलावर उतरतो. व्हॅनिलाचे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत कोमेजू लागते, काम तेवढ्यात उरकावे लागते. ओठ स्तंभाला कडांनी चिकटून त्याच्याभोवती नळीसारखा गुंडाळलेला असतो. फूल एका हातात धरायचे, बारीक टोकदार काडीने ओठ उभा चिरायचा आणि मागे करून स्तंभ उघडा करायचा. मग त्याच काडीने चोचुलीचा पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने परागकोश कुक्षीवर हलकेच दाबायचा. ही रीत १८४१ मध्ये रियुनियन बेटावर बारा वर्षांच्या एडमंड अल्बियस या गुलाम मुलाने शोधली, आणि आजही व्हॅनिलाच्या शेंगा मुख्यतः तिच्यामुळेच लागतात. सूचनेत ‘पाकळी चिरा’ असे असेल तर नवखा माणूस पाचांपैकी भलतीच चिरतो, मधल्या नळीला पाकळी समजत नाही, किंवा घाबरून स्तंभच दुखावतो. स्तंभ दुखावला की शेंग गेली. ‘ओठ चिरा’ म्हटले आणि ओठ म्हणजे स्तंभाच्या तोंडासमोरचा, हे आधी सांगितले, की चूक होत नाही.

फॅलेनॉप्सिसचा संकर करणारे पुष्कळ जण बीज धरायच्या फुलाचा ओठ आधीच काढतात. त्यामुळे कुक्षीपर्यंत काडी नीट पोचते आणि कीटकाला उतरायला जागा राहत नाही. ओठ बुडाशी चिमटीत धरून खाली वाकवून मोडायचा, पुढे ओढायचा नाही. ओढला तर स्तंभाचा पाय सोबत येतो. इथेही सूचना एका शब्दावर उभी आहे.

परिभाषाकोशात ओष्ठक राहू द्यावा, जुने लेखन वाचणाऱ्याला तो लागेल, पण त्याच्यापुढे ‘पाहा: ओठ’ असे असावे आणि व्याख्या ओठापाशी. शास्त्रीय लेखात लॅबेलम हे नाव पहिल्या उल्लेखात एकदा द्यावे आणि पुढे ओठच चालवावा. व्याख्येत ‘खालची’ हा शब्द कुठेही नको.

एक अवघड जागा शिल्लक राहते. थेलिमिट्राच्या फुलात तिसरी पाकळी उरलेल्या दोघींसारखीच दिसते, आणि कधी कधी एरवीच्या ऑर्किडांतही अशी विकृत फुले येतात ज्यांत दोन्ही पाकळ्या ओठासारख्या होतात किंवा ओठ पाकळीसारखा. तिथे ओठ हा शब्द टाळावा का? टाळू नये. स्तंभासमोरचे दल तिथेही तेच आहे. ‘ओठ पाकळ्यांसारखा’ किंवा ‘पाकळ्या ओठासारख्या’ असे लिहावे.